वाचकांचे प्रश्न: काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसमधली इंटर्नशिप आणि सामुदायिक बागा

अमेरिकेत कृषी, मृदाशास्त्र, उद्यानविद्या शिकणाऱ्या वाचकांकडून या विषयावर बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. मोजमापं तिथल्याच पद्धतीने, म्हणजे फूट, इंच, गॅलन, पौंडात ठेवली आहेत. कामावर तीच वापरावी लागतात.

प्रश्न : मी आयोवात मृदाशास्त्रात एम. एस. करते आहे. उन्हाळ्यात काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसमध्ये इंटर्नशिप कर, असं प्राध्यापिका सांगतात. हे सरकारी कृषी खातं आहे का? इंटर्नला तिथे नेमकं काय काम असतं?

कृषी खातं नव्हे. ही राज्याच्या लँड ग्रँट (केंद्राने दिलेल्या जमिनीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या) विद्यापीठाची काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, शाखा. १८६२ च्या मॉरिल कायद्याने ही विद्यापीठं उभी राहिली, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रं मिळाली आणि ८ मे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिथलं संशोधन लोकांपर्यंत नेण्याची व्यवस्था झाली. पैसा केंद्र, राज्य आणि काउंटी अशा तीन ठिकाणांहून येतो. त्यामुळे अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत इंटर्नची जागा अधांतरी राहू शकते. जाहिरातीत ‘निधी उपलब्ध झाल्यास’ असं असेल तर दुसरीकडेही अर्ज करून ठेवा.

हे ऑफिस अनुदान वाटत नाही आणि कुणावर कारवाईही करत नाही. कर्ज आणि शेतकरी योजना फार्म सर्व्हिस एजन्सीकडे, मृदसंधारणाचं अर्थसाहाय्य एनआरसीएस या केंद्रीय मृद-जलसंधारण संस्थेकडे. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी योजनेचा फॉर्म मागायला येईल; त्यांना कुठे पाठवायचं तो पत्ता टेबलावर लिहून ठेवा.

ऑफिसात साधारण चार विभाग असतात : शेती, बागकाम, मुलांसाठीचा फोर-एच कार्यक्रम आणि कुटुंब व पोषण. सामुदायिक बागा बहुधा बागकामाकडे, पण काही काउंट्यांत पोषणाकडे असतात आणि तसं असेल तर कामाचा रंगच बदलतो. एकीकडे ठिबक आणि कीड, दुसरीकडे स्वयंपाकाचे वर्ग. मुलाखतीत तीन गोष्टी विचाराच : रोजचं काम कोण सांगणार, फोनवरच्या प्रश्नांना उत्तरं देण्याआधी कोण तपासणार, आणि बागांपर्यंत जायचं कसं. बऱ्याच ऑफिसांत ड्रायव्हिंग लायसन्सशिवाय निभत नाही. स्वतःची गाडी वापरायची असेल तर मैलामागे पैसे मिळतात का आणि विमा कुणाचा, हे लेखी घ्या.

उन्हाळ्याच्या जाहिराती साधारण डिसेंबर ते मार्च या काळात विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन विभागाच्या संकेतस्थळावर येतात. लुइझियानात काउंटीला पॅरिश आणि अलास्कात बरो म्हणतात, तेव्हा शोधताना ते शब्दही टाका.

प्रश्न : एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर ही इंटर्नशिप करता येते का? बिनपगारी असेल तर परवानगी लागत नाही असं मित्र म्हणतात. भारतातून थेट यायचं असेल तर?

मित्रांचं ऐकून कामाला सुरुवात करू नका. एफ-१ वर अभ्यासक्रमाशी निगडित कामासाठी सीपीटी ही परवानगी घ्यावी लागते. साधारण नियम असा की आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं हवं. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात असं काम सुरुवातीपासूनच सक्तीचं आहे त्यांना यातून सूट आहे. परवानगी आय-२० या विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर छापून येते, त्यात काम देणाऱ्या संस्थेचं नाव आणि तारखा असतात, आणि त्या तारखेच्या आधी एक दिवसही काम करायचं नाही. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा त्याहून जास्त झालं तर त्याच पदवी-पातळीवरचं ओपीटी (बहुधा शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी) हातचं जातं. एका उन्हाळ्याने तसं होणार नाही, पण आधीची सीपीटी असेल तर महिने मोजा.

बिनपगारी इंटर्नशिप आणि स्वयंसेवा या वेगळ्या गोष्टी आहेत. शनिवारी सर्वांसोबत बागेत तण काढणं ही स्वयंसेवा; ठरावीक तास आणि जबाबदाऱ्या असलेलं पद फुकट सांभाळणं म्हणजे स्वयंसेवा होईलच असं नाही. पगार तुमच्याच विद्यापीठाकडून मिळणार असला तरी काउंटी ऑफिस कॅम्पसबाहेर असतं. ते ‘ऑन-कॅम्पस’ धरायचं की नाही हे विद्यापीठातला डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकृत सल्लागार) ठरवेल. ऑफर लेटर हातात येताच त्यांच्याकडे जा.

भारतात शिकत असाल, किंवा पदवी मिळून बारा महिने व्हायचे असतील, तर जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटर व्हिसा) इंटर्न हा मार्ग आहे. मान्यताप्राप्त स्पॉन्सर लागतो आणि डीएस-७००२ हा प्रशिक्षण आराखडा भरावा लागतो. मुदत जास्तीत जास्त बारा महिने. या व्हिसावर अकुशल मजुरी चालत नाही, म्हणून आराखड्यात नुसतं ‘बागेत मदत’ लिहून भागणार नाही; काय शिकणार, कोण शिकवणार, मूल्यमापन कसं, हे स्पष्ट हवं.

प्रश्न : शहरातल्या एका रिकाम्या प्लॉटवर बाग करायची आहे. पूर्वी तिथे घर होतं. माती परीक्षण माझ्यावर सोपवलं आहे. नमुना कसा घेऊ, आणि शिसं असेल तर?

या कामाला घाई करू नका. प्रयोगशाळा तुमच्या पिशवीत जे आलं तेच मोजते. नमुना चुकला तर अहवाल कितीही सुबक असला तरी पुढचा सगळा सल्ला चुकतो.

आधी प्लॉटचा नकाशा काढा आणि त्याचे भाग पाडा. जुन्या घराच्या भिंतीलगतचा पट्टा वेगळा, रस्त्याकडेचा वेगळा, मधला मोकळा भाग वेगळा. कारण शिशाचे दोन मोठे स्रोत म्हणजे जुना रंग आणि जुनं पेट्रोल. घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, आणि रस्त्यावरच्या वाहनांसाठीचं शिसेयुक्त पेट्रोल १९९६ मध्ये पूर्ण थांबलं. भिंतीपासून काही फुटांच्या आत रंगाचे पोपडे मातीत मिसळलेले असतात. तो भाग मधल्या मातीत मिसळून एकच नमुना पाठवला तर आकडा सरासरीत लपतो आणि नेमका धोकादायक पट्टा निसटतो.

प्रत्येक भागात नागमोडी चालत १० ते १२ ठिकाणची माती घ्या, ६ ते ८ इंच खोलीपर्यंत. वरचं गवत आणि पालापाचोळा बाजूला करा, पण माती खरवडून टाकू नका. मुलं जिथे खेळणार तिथे शिशासाठी वरच्या एकदोन इंचांचा नमुना वेगळा घ्या, कारण हाताला आणि तोंडाला लागते ती वरची धूळ. बादली प्लास्टिकचीच हवी. गॅल्व्हनाइज्ड बादलीतून जस्त मातीत उतरतं आणि अहवालात जस्ताचा आकडा फुगतो. सगळी माती मिसळा, खडे-मुळं काढा, कागदावर पसरून सावलीत वाळवा. ओव्हनमध्ये नको. त्यातली एक ते दोन कप पिशवीत भरा, पिशवीवर भागाचा क्रमांक टाका आणि तोच नकाशावर लिहा.

आता नेहमी होणारी चूक. साधं माती परीक्षण म्हणजे सामू (पीएच), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), सेंद्रिय पदार्थ. शिसं त्यात आपोआप येत नाही. वेगळी खूण करून, वेगळे पैसे भरून मागावं लागतं. काही प्रयोगशाळा साध्या परीक्षणासोबत शिशाचा एक अंदाजी आकडा देतात. तो चाळणीपुरताच. शंका आली तर ‘एकूण शिसं’ मागा.

निवासी जागेच्या मातीतल्या शिशासाठी ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेची मार्गदर्शक पातळी अनेक वर्षं ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४०० भाग) होती. जानेवारी २०२४ मध्ये ती २०० पीपीएमवर आणली. राज्यांचे आकडे याहून वेगळे असू शकतात, म्हणून जुनं माहितीपत्रक छापून वाटण्याआधी तारीख बघा आणि राज्याचा सध्याचा आकडा ऑफिसातून घ्या. दोनशेच्या वर आकडा आला म्हणजे बाग रद्द, असं नाही. मूळ मातीत न लावता कापड अंथरून त्यावर वाफे करा, वाटांवर लाकडाच्या चिप्स जाड पसरा म्हणजे धूळ उडणार नाही, सामू ६.५ ते ७ च्या आसपास ठेवा म्हणजे शिसं कमी विरघळतं. टोमॅटो, मिरची, काकडी अशी फळं त्यातल्या त्यात सुरक्षित. पालेभाज्यांना माती चिकटते आणि गाजर-मुळा तर मातीतच वाढतात. वाऱ्याने आजूबाजूची धूळ वाफ्यांत येत राहते, तेव्हा काही वर्षांनी वाफ्यांची माती पुन्हा तपासा.

अहवाल वाचताना दोन सावधगिरी. एक, वेगवेगळ्या प्रयोगशाळा स्फुरद काढायला वेगवेगळी द्रावणं वापरतात : मेहलिच-३, ब्रे, ओल्सन. एकीचा आकडा दुसरीच्या तक्त्यात बसवायचा नाही. दोन, शिफारस १०० चौरस फुटांना आहे की १,००० चौरस फुटांना, हे बोट ठेवून वाचा. इथे दहापट चूक होते आणि रोपं करपल्यावर लक्षात येतं. समजा, शिफारस १०० चौरस फुटांना ०.२ पौंड नत्राची (नायट्रोजनची) आहे. ४ बाय ८ फुटांचा वाफा ३२ चौरस फुटांचा, म्हणून ०.०६४ पौंड नत्र. १२ टक्के नत्राचं ब्लड मील (वाळवलेल्या रक्ताचं खत) असेल तर ०.०६४ भागिले ०.१२, म्हणजे साधारण ०.५३ पौंड, २४० ग्रॅमच्या आसपास. तेच नत्र ४६ टक्क्यांच्या युरियातून द्यायचं तर जेमतेम ६३ ग्रॅम. हा हिशेब बागकऱ्यांसमोर कागदावर करून दाखवा, नुसतं उत्तर देऊ नका.

आणखी एक. जुन्या सामुदायिक बागांच्या अहवालांत स्फुरद ‘अतिजास्त’ आलेला वारंवार दिसेल. दरवर्षी प्रेमाने चार-चार इंच कंपोस्ट ओतल्याचा तो परिणाम. अशा मातीत स्फुरद वाहून ओढ्या-तळ्यांत जातो आणि झाडाला लोह, जस्त घेणं अवघड होतं. तिथे कंपोस्ट काही काळ थांबवून फक्त नत्र द्यायला सांगावं लागतं. लोकांना ते पटत नाही, म्हणून अहवाल सोबत न्या.

प्रश्न : आमच्या बागेत दहा वाफे आणि त्यांना ठिबक करायचं आहे. माती किती मागवू? ठिबकचे भाग कोणत्या क्रमाने जोडायचे?

वाफा ४ फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. मुलांसाठी ३ फूट. लांबी ८ फूट ठेवली तर फळ्या कापताना लाकूड वाया जात नाही. एक वाफा व्हीलचेअरवरच्या माणसासाठी २४ ते ३० इंच उंच करा, आणि त्याच्याभोवतीची वाट किमान ३६ इंच रुंद, टणक, सपाट ठेवा. चिप्समध्ये चाकं रुततात. रेल्वेचे जुने स्लीपर फुकट मिळाले तरी घेऊ नका, त्यात क्रिओसोट हे विषारी लाकूडरक्षक असतं. जुन्या डेकच्या हिरवट फळ्याही नकोत. २००३ च्या अखेरीपर्यंत घरगुती लाकडाला आर्सेनिकयुक्त सीसीएची प्रक्रिया होत असे.

मातीचा हिशेब : ४ × ८ × १ फूट म्हणजे ३२ घनफूट. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट, तेव्हा एका वाफ्याला सुमारे १.२ घनयार्ड आणि दहांना १२. माती पहिल्या पावसात बसते, म्हणून १४ मागवा. मिश्रणात कंपोस्ट एक तृतीयांशाहून जास्त नको असं आमचं मत आहे. निव्वळ कंपोस्टने भरलेला वाफा पहिल्या वर्षी बहरतो, मग खचत जातो आणि वर सांगितलेला स्फुरदाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

पाण्याचा अंदाज आठवड्याला एक इंच. एक चौरस फुटाला एक इंच म्हणजे ०.६२ गॅलन, म्हणून ३२ चौरस फुटांना साधारण २० गॅलन. वाफ्यात ८ फुटी चार ठिबक नळ्या, दर फुटाला एक ड्रिपर, ताशी अर्धा गॅलनचा : ३२ ड्रिपर, ताशी १६ गॅलन. वीस गॅलनला ७५ मिनिटं, म्हणजे आठवड्यातून तीनदा २५ मिनिटं. कडक उन्हाळ्यात वाढवा, पाऊस पडला तर बंद. दहा वाफ्यांना ताशी १६० गॅलन लागतात. अर्धा इंची मुख्य नळी ताशी २०० गॅलनपर्यंत आणि सुमारे २०० फूट लांबीपर्यंत नीट चालते, तेव्हा दहा वाफे एका टायमरवर बसतील, बारा-तेराच्या पुढे दुसरी लाइन काढा. नळ तेवढं पाणी देतो का हे आधी बघा : ५ गॅलनची बादली ६० सेकंदांत भरली तर ताशी ३०० गॅलन. दोन मिनिटं लागली तर १५०, आणि मग एका वेळी पाचच वाफे.

नळापासून क्रम असा : टायमर, बॅकफ्लो प्रिव्हेंटर, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर, मग नळीचा जोड. बॅकफ्लो प्रिव्हेंटर बागेतलं पाणी शहराच्या पिण्याच्या पाण्यात उलटं जाऊ देत नाही; त्याशिवाय बरीच शहरं जोडणीच देत नाहीत. साधा व्हॅक्यूम ब्रेकर (बॅकफ्लो प्रिव्हेंटरचाच एक प्रकार) सतत दाबाखाली ठेवायचा नसतो, म्हणून तो टायमरच्या पुढे, आधी नाही. रेग्युलेटर २५ पीएसआयचा (दर चौरस इंचाला २५ पौंड दाब). शहराच्या पाण्याचा दाब याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो, आणि रेग्युलेटर वगळला तर नळ्यांचे जोड रात्री सुटतात आणि सकाळी वाटेवर तळं झालेलं असतं. फिल्टर जाळी १५० मेशची (इंचाला १५० छिद्रांची), महिन्यातून एकदा धुवायची. प्रत्येक वाफ्याला छोटी चावी लावा. एका वाफ्यावर बी पेरलंय, दुसरा रिकामा, अशी वेळ येतेच. नळ्या जोडल्यावर टोकं बंद करण्याआधी दोन मिनिटं पाणी सोडून आतली माती आणि प्लास्टिकचा कीस बाहेर काढा. ड्रिपर बुजण्याचं पहिलं कारण तेच असतं.

प्रश्न : नव्या वाफ्यांत टोमॅटो आणि घेवड्याची पानं वाटीसारखी वळली आहेत, शेंडे पिळवटलेत. शेजारचा मका मात्र ठणठणीत. विषाणू असेल का?

मका ठणठणीत आहे, हाच मोठा धागा. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड, पिक्लोरॅम ही तणनाशकं गवतवर्गाला काही करत नाहीत, पण टोमॅटो, घेवडा, वाटाणा, बटाटा यांना अत्यल्प मात्रेतही वाकवतात. कुरणावर फवारलेलं औषध गवतातून जनावराच्या पोटात, तिथून शेणात आणि शेणातून कंपोस्टमध्ये येतं. कंपोस्ट व्यवस्थित तापलं तरी ते पूर्ण मोडत नाही. कंपोस्ट किंवा माती कुठून आली, कोणकोणत्या वाफ्यांत पडली, हे आधी विचारा. त्याच वाफ्यांत लक्षणं आणि जुन्या वाफ्यांत नाहीत, तर संशय मातीवर. सगळीकडे, पण कुंपणाच्या एका बाजूला जास्त असेल, तर शेजारच्या लॉनवरचं औषध वाऱ्याने आलेलं असू शकतं.

खात्रीसाठी कुंडी-चाचणी करा. संशयित कंपोस्ट आणि विकतचं पॉटिंग मिक्स निम्मं-निम्मं मिसळून चार इंची तीन कुंड्या भरा. दुसऱ्या तीन कुंड्यांत फक्त पॉटिंग मिक्स. प्रत्येकीत घेवड्याचे तीन दाणे. दोन्ही गटांच्या ताटल्या वेगळ्या ठेवा, नाहीतर एकीचं पाणी दुसरीत जाऊन चाचणी फुकट. दोन-तीन आठवड्यांत, बीजपानांनंतरची खरी पानं आल्यावर फरक डोळ्यांना दिसतो. ही चाचणी कंपोस्ट वाफ्यांत टाकण्याआधी मार्च-एप्रिलमध्ये करायची असते. इंटर्न मे महिन्यात रुजू होत असेल तर तोवर ट्रक येऊन गेलेला असतो, म्हणून ऑफिसला आधीच ईमेल करून ही आठवण द्या.

वाफे बाधित निघाले तर तिथे मका घ्या, माती अधूनमधून उलथत राहा, आणि ती झाडं कंपोस्टच्या ढिगात टाकू नका.

ताज्या शेणखताचा प्रश्न वेगळा, तो जंतूंचा. सेंद्रिय प्रमाणनाचा नियम बागेलाही लावा : मातीला टेकणाऱ्या पिकाला काढणीआधी १२० दिवस, न टेकणाऱ्याला ९० दिवस.

प्रश्न : हेल्प डेस्कवर रोज ‘टोमॅटोची पानं पिवळी, कोणतं औषध मारू?’ असा फोन येतो. उत्तर कसं देऊ?

औषधाचं नाव तोंडात येऊ देऊ नका. आधी प्रश्न विचारा. कोणती पानं, खालची की वरची? ठिपके आहेत का? पाणी वरून देता की मुळाशी? किती झाडांना? मग तीन फोटो मागवा : पूर्ण झाड, बाधित फांदी, एका पानाची दोन्ही बाजूंनी जवळून प्रतिमा.

१०एक्स भिंग खिशात ठेवा. खालच्या पानांवर मोठे, आत वर्तुळात वर्तुळ असलेले डाग दिसले तर लवकर येणारा करपा. बारीक, कडेला गडद, मध्ये राखाडी आणि भिंगातून पाहिलं तर राखाडीत काळे टिंब दिसणारे ठिपके म्हणजे सेप्टोरिया. हे दोन्ही मातीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांनी चढतात. खालची पानं काढा, पेंढ्याचं आच्छादन घाला, पाणी मुळाशी द्या. पण झाडावर कुठेही, खोडावरसुद्धा, तेलकट तपकिरी चट्टे आणि ओलसर सकाळी पानामागे पांढरी बुरशी दिसली तर उशिरा येणाऱ्या करप्याचा संशय घ्या आणि त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा. त्याचे बीजाणू वाऱ्याने मैलोन्‌मैल जातात. खात्री झाल्यावर झाड पिशवीत बांधून बागेबाहेर काढावं लागतं आणि शेजारच्या प्लॉटधारकांना कळवावं लागतं.

फोटोवरून निदान ठरवण्याचा मोह आवरा. फोटो फक्त पुढचा प्रश्न सुचवतो. विद्यापीठाच्या रोगनिदान प्रयोगशाळेला नमुना पाठवायचा तर शक्यतो मुळासकट झाड द्या. पूर्ण वाळलेला भाग निरुपयोगी असतो. निरोगी आणि रोगट भाग जिथे भेटतात तो हवा. ओल्या कागदात गुंडाळू नका, वाटेत कुजतं. सोमवार-मंगळवारी पाठवा, म्हणजे शनिवार-रविवार पोस्टात पडून राहणार नाही.

कीडनाशकाची शिफारस द्यायची वेळ आलीच तर राज्याच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेतूनच, वरिष्ठांना दाखवून. १९४७ च्या फिफ्रा या कीडनाशकांच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे लेबलवरचा मजकूर कायद्याने बंधनकारक आहे. लेबलवर ते पीक नसेल तर त्या पिकावर ते औषध नाही, आणि फवारणी ते काढणी यांत किती दिवस हवेत तेही लेबलवरच असतं. भांडी घासण्याच्या साबणाचा घरगुती फवारा कुणी विचारला तर तोही सुचवू नका, पानं भाजतात. आणि उत्तर माहीत नसेल तर ‘तपासून उद्या दुपारपर्यंत फोन करतो’ म्हणा, आणि करा. लोकांचा या ऑफिसवर विश्वास आहे तो अशा फोनांमुळे.

प्रश्न : जुलैत निम्मे प्लॉट ओस पडतात आणि प्रतीक्षा यादी तशीच राहते. स्वयंसेवक, करार, नोंदी, यात इंटर्नने कुठे लक्ष घालावं?

ओस पडण्याचं कारण आळस कमी आणि प्लॉटचा आकार जास्त. पहिल्यांदा बाग करणाऱ्याला २० बाय २० फूट देऊ नका. १० बाय १०, नाहीतर एक वाफा पुरे. करारात तारखा लिहा : अमुक तारखेपर्यंत लागवड, तण गुडघ्यापर्यंत आलं तर पहिला फोन, सात दिवसांनी लेखी सूचना, चौदाव्या दिवशी प्लॉट यादीतल्या पुढच्या माणसाला. पण पहिला फोन खरोखर फोनच असू द्या. कुणाची शिफ्ट बदललेली असते, कुणी आजारी असतं. मग पंधरा दिवस शेजाऱ्याने पाणी द्यायचं, एवढ्यावर प्रश्न सुटतो.

सूचना त्या वस्तीतल्या भाषांत लावा. स्पॅनिश माहीतगार माणसाकडून तपासून घ्या. ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हे भेदभावाविरुद्धचं पोस्टर ऑफिसात आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी दिसेल असं लावणं बंधनकारक आहे; बागेतल्या कार्यशाळेलाही ते सोबत न्या. मुलांबरोबर काम असेल तर पार्श्वभूमी तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण आधी पूर्ण करा. मंजुरी यायला आठवडे लागू शकतात.

मास्टर गार्डनर, म्हणजे एक्स्टेन्शनने प्रशिक्षण दिलेल्या, स्वयंसेवकांचा मान राखा. हा कार्यक्रम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात सुरू झाला, कारण शहरी लोकांच्या बागेबद्दलच्या फोनांना काउंटी एजंट पुरे पडत नव्हते. वीस-वीस वर्षं त्याच मातीत काम केलेली माणसं त्यांत असतात. त्यांना काम सांगण्याआधी त्यांनी काय करून पाहिलंय ते विचारा.

नोंदींत एक फरक पक्का ठेवा : एकच बाई तीन कार्यशाळांना आल्या तर संपर्क तीन, व्यक्ती एक. हे दोन आकडे मिसळले की वर्षाचा अहवाल फुगतो आणि निधी देणाऱ्यांसमोर ऑफिस अडचणीत येतं. फूड पॅन्ट्रीला (गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या केंद्राला) दिलेली भाजी तिथेच तराजूवर तोलून, तारीख आणि पिकासह लिहा. ‘दान केलं आणि कुणी आजारी पडलं तर?’ अशी भीती बागकरी बोलून दाखवतात. १९९६ च्या बिल एमर्सन कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्याला संरक्षण आहे. निष्काळजीपणाची परिसीमा केली तर मात्र नाही.

प्रश्न : स्नॅप (सरकारी अन्नसाहाय्य) कार्डावर बी-बियाणं मिळतं का?

मिळतं. खाण्याजोगं पीक देणारं बी आणि रोपं, १९७३ पासून. दुकान स्नॅप स्वीकारणारं हवं. माती, खत, अवजारं, फुलझाडं त्यात येत नाहीत. ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना माहीत असते, म्हणून बागेच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

प्रश्न : माझी इंटर्नशिप ऑगस्टच्या मध्यात संपते, बाग तर थंडीपर्यंत चालते. जाताना काय सोपवून जावं?

एका पानाचा नकाशा : वाफ्यांचे क्रमांक, प्रत्येकाची चावी, मुख्य नळ, टायमरचं वेळापत्रक. माती अहवाल वाफ्यांच्या क्रमांकासह. कंपोस्ट कुठून, कधी आलं. कोणत्या वाफ्यात टोमॅटोवर्गीय पीक होतं, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे दुसरं घेता येईल. अनुत्तरित फोनांची यादी. कुलपाची किल्ली किंवा क्रमांक कुणाकडे आहे ते.

आणि थंडीची एक चिठ्ठी टायमरलाच बांधून ठेवा, कारण ते काम करणारा माणूस फाइल उघडणार नाही : पहिल्या कडक थंडीआधी मुख्य नळ बंद करा, प्रत्येक नळीचं टोक उघडून पाणी निथळू द्या, टायमर, व्हॅक्यूम ब्रेकर, फिल्टर आणि रेग्युलेटर काढून घरात ठेवा, टायमरची बॅटरी काढा. आत राहिलेलं पाणी गोठलं की हे भाग फुटतात, आणि ते वसंतात नळ उघडल्यावरच कळतं.